आत्याची उबदार गोधडी

मुलाच्या शर्टाला आज मशीनच्या तेलाचा वास आला आणि मी मनानं थेट कासारवाडीला, आत्याच्या दोन खोल्यांत पोचलो. गावाकडून येऊन कंपनीत लागलेले आम्ही सहा भाचे तिथंच राहायचो. अंथरुणं मोजकीच, एकजण शिफ्टला उठला, की सुटून आलेला त्याच जागी आडवा व्हायचा.

एकदा तापानं फणफणून मी दुपारी एक वाजताच परतलो. डोळे उघडत नव्हते. आत्यानं हाताला धरून निजवलं. गोधडी उबदार होती, तिला खोबरेल तेलाचा मंद वास होता.

“आत्या, इथून कोण उठलं?”

“ज्याची ड्युटी लागली तो. झोप गुमान.”

पंख्याच्या घरघरीत मी तरंगत तरंगत झोपलो.

दुपारी एकला कुठल्याच कंपनीची शिफ्ट सुरू होत नाही. उठली होती आत्याच.