हात वर, चेहरा जांभळा

"दोन्ही हात वर घ्या, कानाला लावून ठेवा," यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ते चिठ्ठी लिहायला बसले. मी पुसदच्या शाळेतला कवायतमास्तर. हुकूम मिळाल्याशिवाय हात खाली घ्यायची सवय नाही. मिनिटभराने त्यांनी मान वर केली, तेव्हा माझा चेहरा काळाजांभळा पडला होता आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"खाली घ्या न हात, मास्तर! कायले मरून राह्यले?" ते ओरडले. मग हसू आवरत म्हणाले, "पण बरं झालं. तुमच्या शिस्तीनं रोग सापडला."

१९६१च्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्याआधी सहा महिने माझा चेहरा सुजत होता, सकाळी जास्तच. बुटाची नाडी बांधायला वाकलो की तोंड लालबुंद. कॉलर बसेना म्हणून बायकोने गुंडी सरकवून दिली. छातीवर निळ्या शिरा उठल्या. गावात मात्र जो तो म्हणायचा, "मास्तर, तब्येत लय झकास झाली!" आणि मी मूर्ख, खूश व्हायचो. तुमचं असं काही होत असेल तर आरशापुढे मिरवू नका, सरळ दवाखाना गाठा.

एक्स-रे निघाला. दोन दिवस बाकावर बसून काढले, तेव्हा उलगडा झाला. गलगंड, म्हणजे थायरॉइड ग्रंथीची गाठ, गळ्यात फारशी न दिसता छातीच्या हाडामागे उतरली होती. तिथे 'इनॉमिनेट व्हेन' नावाच्या दोन मोठ्या शिरा असतात. डोकं, मान आणि हात यांतलं रक्त त्या परत आणतात. डावी लांब, आडवी येणारी, उजवी आखूड. दोन्ही मिळून 'सुपीरियर व्हेना कावा' होते. ही वरची महाशीर, ती थेट हृदयात उघडते.

"कापसाच्या बाजाराचं फाटक समजा," डॉक्टर म्हणाले. "गाठ फाटकात बसली. गाड्या मांग अडकल्या. हात वर केले का फाटक अजून अरुंद होते."

ऑपरेशन नागपूरला ठरलं. सर्जननी आडपडदा ठेवला नाही. आवाजाची नस त्या ग्रंथीला चिकटूनच जाते. जपून काढू, पण खात्री देता येत नाही. मरणाची नाही, पण या गोष्टीची मला भयंकर भीती वाटली. मुक्या कवायतमास्तराला कोण ठेवणार?

"आवाज गेला त घरात जराशी शांतता होईन," बायको म्हणाली. आम्ही दोघं हसलो. मग ती उगाचच पिशवीतल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या करत बसली.

शुद्धीवर आलो तर गळ्याला भलंमोठं बँडेज. उशाशी बायको, पायथ्याशी सासरे. सर्जन म्हणाले, "मास्तर, काहीतरी बोला."

तोंड उघडायची हिंमत होईना. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण चारचौघांत मी बायकोला 'अगं' आणि 'ऐकलं का' यापलीकडे हाक मारली नव्हती; सासऱ्यांसमोर तर तेवढीही नाही. काय झालं कोण जाणे, बाहेर पडलं ते तिचं नाव.

"गिरजा!"

घोगरं, पण पूर्ण वॉर्डाने वळून पाहावं असं. सासरे खिडकीबाहेर बघू लागले. सर्जननी माझ्या खांद्यावर थाप मारली. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

"हळू बोला न जी, बाबा हायेत," गिरजा पदराने डोळे पुसत म्हणाली.

चेहऱ्याची सूज आठवड्यात उतरली, कवायतही पुन्हा सुरू झाली. बायकोला मात्र तेव्हापासून मी नावानेच हाक मारतो, पुसदच्या भर बाजारातसुद्धा. अजून ती "हळू बोला" म्हणते, पण पहिल्या हाकेला वळत नाही. दुसरी हाक ऐकून घेते, मग वळते.