नकाशावरचं कुंकू

लेस्टरला आल्यावर दोन वर्षं मी नुसते अर्ज करत होते. पुण्यात मी शाळेत भूगोल शिकवत असे, पण इथे माझ्या पदवीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. शेवटी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात तीन महिन्यांच्या ट्रायलवर काम मिळालं. मालक इंग्रज, सत्तरीचे, बोलायला कंजूष. विकायच्या प्रत्येक पुस्तकाचं वर्णन लिहायचं आणि त्यात दोष आधी सांगायचे, हा त्यांचा नियम. फाटकं पान असो की चहाचा डाग, लपवायचं काही नाही.

ऑक्टोबरात त्यांनी मला दोनेकशे वर्षांपूर्वीचं एक पुस्तक घरी न्यायला दिलं. हिंदी महासागरातल्या फ्रेंच, डच आणि इंग्रज वसाहतींच्या बेटांचं वर्णन होतं ते. "नकाशे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात," ते म्हणाले. दुकानातलं पुस्तक ते एरवी कुणालाच घरी नेऊ देत नसत.

लेखकाने बंदरं, वारे, गोडं पाणी, सगळं हौसेने टिपलं होतं. राबणाऱ्या गुलामांना मात्र ऊस आणि गुरांच्या शेजारी एका ओळीत उरकलं होतं. माझं डोकं फिरलं. तरी ते नकाशे बघताना मी हरखून गेले होते, हेही कबूल करते.

दोन दिवसांनी दसरा आला. पाटावर ह्यांची मेडिकलची पुस्तकं मांडली, लेकीची स्पेलिंगची वही मांडली आणि शेजारी दुकानातलं ते पुस्तकही ठेवलं. न ठेवून कसं चालेल? तेच तर माझं काम होतं. लहानपणापासूनच्या सवयीने मी एकेक पुस्तक उघडून पहिल्या पानावर ओलं कुंकू टेकवत गेले. त्या पुस्तकाचं पहिलं पान म्हणजे नकाशा. मॉरिशसच्या पश्चिमेला, भर समुद्रात, लालभडक ठिपका उमटला.

"पुसू नकोस, स्मज होईल," हे म्हणाले.

नोकरी गेली, असं मी धरूनच चालले.

सकाळी पुस्तक मालकांपुढे ठेवून सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंग घेऊन बराच वेळ ठिपका पाहिला.

"हे का लावतात?"

"ज्याच्यावर आपलं पोट भरतं, त्याला आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो."

"मग वर्णनात लिहा. कशाचा डाग, कुणी लावला, का लावला. खरं असेल ते."

एवढं बोलून ते चहा करायला गेले आणि दोन कप घेऊन आले. मी कपाटाआड जाऊन रडून घेतलं.

पुढच्या महिन्यात, दुकानाच्या यादीतलं ते वर्णन वाचून एक बाई थेट लंडनच्या एजवेअरहून आल्या. मॉरिशसच्या, निवृत्त नर्स. पणजोबा रत्नागिरीकडून तिकडे उसाच्या मळ्यावर गेलेले. मराठी तुटक, पण घरातली.

"ह्या बुकात आम्ही नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमची माणसं हे छापल्यावर गेली."

त्यांनी ठिपक्याशेजारी बोट टेकवलं. "आता हाय."

पुस्तक त्यांच्याबरोबर गेलं. मालकांनी त्या काय म्हणाल्या ते मला विचारलं. मी सांगितलं. ट्रायलचा विषय मात्र पुन्हा कधी निघाला नाही, आणि मी तिथे सात वर्षं राहिले. ह्या देशाने मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मला आधी तो चहा आठवतो.

त्या दसऱ्याच्या पुढच्याच वर्षी झाडांची पानं पिवळी पडायला लागली तशी मालकांनी माझ्याकडून दसऱ्याची तारीख विचारून घेतली. आदल्या दिवशी निघताना त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरातली दुकानातल्या पुस्तकांची जुनी यादीची वही ब्राउन पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"पाटावर ही वहीसुद्धा ठेवा," ते म्हणाले. "फक्त कव्हरला लावा."