रंगूवहिनींची समुद्रावरची राखण

आमचे शेजारी सावळीरामभाऊ ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि एक जुनी मिनीबस विकत घेतली. आम्हाला वाटलं, आता हे शाळेच्या मुलांची ने-आण करणार. तर आठवड्याभरात गाडीच्या कपाळावर लाल अक्षरांत 'सावळी टूर्स' झळकलं आणि भाऊ गल्लीतल्या लोकांना घेऊन वणी, गिरनार, महाबळेश्वर करू लागले.

माणूस अगदी हौशी. सहलीत पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चहा टाकणार, कोणाला गाडी लागली तर स्वतः पुढची सीट देणार, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलणार. गल्लीतलं एकही घर असं राहिलं नाही की ज्यातलं कोणी त्या गाडीत बसलं नाही. राहिली ती फक्त एक बाई, आणि ती म्हणजे त्यांची बायको, रंगूवहिनी.

वहिनी सिन्नरकडच्या. त्यांना रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. टीव्हीसमोर असल्या तरी मांडीवर मेथीची जुडी. कोणाच्या बारशाला गेल्या तरी जाऊन आधी भांड्यांना हात घालणार. सहलीचं विचारलं की कारण तयारच असायचं. थंडीत माहेरून हरभरा यायचा, तो निवडायचा. पावसाळ्यात उपासतापास. दिवाळीला फराळ. आणि उन्हाळ्यात वाळवण. कुरडया, पापड, सांडगे, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, हे सगळं गच्चीवर घालणं म्हणजे वहिनींचा वार्षिक उत्सवच. मुलगा मयूर पुण्याला नोकरीला गेला तरी वाळवण तेवढंच. निम्मं गल्लीत वाटायचं आणि उरलेलं पुण्याला धाडायचं.

एकदा भाऊ मला म्हणाले, "लता, मला एकदाच हिच्याबरोबर समुद्राकाठी बसायचंय. नुसतं बसायचंय. ना दर्शन, ना पॉइंट. दोन तास. तीस वर्षं झाली लग्नाला, आम्ही दोघं एका जागी बसलो ते फक्त लग्नाच्या पाटावर."

मी फटकळ. म्हटलं, "भाऊ, त्यापेक्षा देवाकडे मे महिन्यात पाऊस मागा, तो मिळेल." त्यांनी हसून सोडून दिलं, पण मला नंतर चुटपुट लागली. कारण त्यांचा चेहरा काही हसलेला नव्हता. मला तेव्हा कळलं की ती सगळी टूर्सची उठाठेव या माणसाने कोणासाठी केली होती.

दोन हजार सहा साली भाऊंना कच्छमधल्या एका नव्या जागेचा पत्ता लागला. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये मातीच्या गोल झोपड्यांचं एक मोठं महागडं रिसॉर्ट. महाग कशासाठी, तर तिथे एसी नाही, टीव्ही नाही, प्लास्टिक नाही. दिवे सूर्यावर चालणार, जेवण आसपासच्या गावांतल्या धान्याचं, पाणी पावसाचं साठवलेलं. आमच्या आजोळी हे सगळं फुकट होतं आणि तिथून आम्ही पळून नाशकात आलो होतो. पण जागा नवी होती, उन्हाळ्यात तिकडे कोणी फिरकत नव्हतं, म्हणून भाऊंना ती अर्ध्या दरात मिळाली.

भाऊंनी घरी नेहमीच्या आशेने विषय काढला. वहिनींनी नेहमीप्रमाणे वाळवण पुढे केलं. मग अचानक विचारलं, "तिकडं ऊन कसंय?"

"लय कडक. वाळवंटच ते."

"आणि जागा?"

"समुद्रापर्यंत सपाट. नजर पोचत नाही एवढी."

"मंग वाळवण तिथंच घालू. येते मी."

भाऊंना वाटलं, गंमत करतेय. निघायच्या दिवशी गाडीच्या टपावर साबुदाण्याचं पोतं, भलंमोठं पातेलं, पळ्या आणि जुन्या धोतरांचं गाठोडं चढलं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. बरं, वहिनी एकट्या असत्या तर ठीक. त्यांनी गाडीतल्या सगळ्या बायकांना फितवलं होतं. फुकटचं ऊन मिळतंय म्हटल्यावर कोण सोडणार? मीसुद्धा दोन किलो बटाटे घेतले होते. सापुताऱ्याच्या घाटात त्यातला एक गडगडत ड्रायव्हरच्या पायाखाली गेला आणि सगळ्या गाडीने मला बोल लावले.

रिसॉर्टचे व्यवस्थापक जीवाभाई दारातच उभे होते. पांढरा सदरा, बोलणं गोड, नियम कडक. प्रत्येक झोपडीला दिवसाला दोन बादल्या पाणी. प्लास्टिकची एकही पिशवी आत जाणार नाही. आमच्या पुरुषांनी लगेच कुरकुर सुरू केली की एवढे पैसे देऊन पंखासुद्धा नाही. पण आत गेलो तर त्या मातीच्या भिंतींमुळे असा गारवा होता, पलंगावरच्या चादरी अशा मऊ होत्या की दुपारी तेच पुरुष घोरत पडले. पापड्या घालायला आणलेले प्लास्टिकचे कागद मात्र जीवाभाईंनी दारातच जमा करून घेतले. वहिनी काही डगमगल्या नाहीत. त्यांनी गाठोडं सोडून धोतरं काढली. त्यांची आई कापडावरच पापड्या घालायची, वाळल्या की मागून पाणी शिंपडून सोडवायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायकांनी एकेक बादली पाणी वहिनींच्या पातेल्यात ओतलं. आंघोळी समुद्रात करायच्या असं ठरलं. तीन दगडांची चूल मांडली, बाभळीच्या काटक्या पेटवल्या, आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत रिसॉर्टच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पापड्यांच्या रांगाच रांगा लागल्या. मधल्या दोन आरामखुर्च्यांवर माझा बटाट्याचा कीस.

जीवाभाई धावत आले. "बेन, ये क्या है? यहाँ गेस्ट लोग बैठते हैं."

"तो बैठो ना," वहिनी म्हणाल्या. "हम किधर ना बोलते?"

त्या झोपड्यांत दोन जर्मन जोडपीही उतरली होती. ती उत्सुकतेने फोटो काढत होती, त्यामुळे जीवाभाईंना फार रागावताही येईना. शेवटी त्यांनी तोड काढली. सगळं वाळवण उचलून पलीकडे, त्या पडक्या होडीजवळ घालायचं. पण दिवसभर तिथे कोणीतरी बसून राहिलंच पाहिजे. कावळे आणि कुत्री एकदा का खायला चटावली की मग पाहुण्यांच्या ताटांवर येतात, आणि तसं झालं तर 'सावळी टूर्स'ला पुन्हा इथे जागा मिळणार नाही.

आमच्याकडे वाळवणाची राखण पोरं करतात. हातात काठी घेऊन गच्चीवर बसायचं आणि राखता राखता निम्म्या ओल्या पापड्या खाऊन टाकायच्या. इथे गाडीतली सगळी पोरं पाण्यात होती. बायकांनी थोडा वेळ राखण केली, मग कोणी उंटावर बसायला गेली, कोणी शिंपले वेचायला. आणि वहिनी तर स्वतःचं वाळवण कोणाच्या भरवशावर टाकणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी रिकामं पोतं वाळूवर अंथरलं, होडीच्या सावलीत बैठक मारली, काठी मांडीवर घेतली.

जरा वेळाने भाऊ गेले. आधी हातभर अंतरावर बसले. मी झोपाळ्यावरून बघत होते. जरा हललो तर ही उठून जाईल, अशा भीतीने तो बिचारा माणूस अंग चोरून बसला होता. पण वहिनी उठणार कशा? समोर राखण होती. दुपारी बघितलं तर भाऊ हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. काठी बाजूला पडली होती आणि एक कावळा निवांत न्याहारी करत होता. मी त्याला हाकललं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा कीस बघायला गेले. भाऊ चहा आणायला गेले होते. कीस हातात घेतला तर मऊ, दमट, वर वाळूची कचकच. वहिनींची एक पापडी उचलली, ती घडी घालावी तशी वाकली. आमच्या नाशकात मे महिन्याच्या वाऱ्याने ओठ फुटतात. पापडी सकाळी घातली की संध्याकाळी खडखड वाजते. इथे ऊन तसंच रणरणतं, पण समुद्रावरून येणारा वारा ओला होता. उन्हाचा विचार सगळ्यांनी केला, वाऱ्याचा कोणीच नाही.

"वहिनी, हे वाळत नाहीये. सगळं सादळलंय," मी म्हटलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "मला काल दुपारीच कळलं."

"मग उचला की. कशाला उन्हातान्हात बसलाय?"

वहिनींनी भाऊ गेले होते त्या बाजूला एकदा बघितलं. "यांना सांगू नको. काल लय बोलले गं. कारखान्यात पहिल्या दिवशी हातातून हातोडी पडली ते, माझ्या बाळंतपणात रजा मिळाली नाय ते. मला यातलं काय ठावं नव्हतं. हे उचललं तर बसायचं कशापायी? मला नुसतं बसायला येत नाय."

एरवी माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही, पण त्या क्षणी मी माझा कीस गुपचूप परत पसरून ठेवला.

भाऊ दोन मातीचे पेले सांभाळत आले. "वाळलं का गं?"

"नाय अजून," वहिनी म्हणाल्या. "उद्याचा दिवस लागंल."

"लागू दे की," भाऊ म्हणाले आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. आता मध्ये हातभर अंतर नव्हतं.

निघायच्या दिवशी सगळं वाळवण जीवाभाईंच्या शेळ्यांनी आनंदाने संपवलं. बायका परतीच्या वाटेवर फुकट गेलेल्या साबुदाण्याबद्दल हळहळत होत्या. वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. गल्लीत मात्र पुढे महिनाभर, रंगूबाईंनी समुद्रावर पापड्या घातल्या, ही चेष्टा चालली. वहिनी प्रत्येकीला म्हणायच्या, "चुकलं बाई."

पुढच्या वर्षी होळी पेटायच्या आत वहिनींच्या गच्चीवर कुरडया आल्या. लोकांना वाटलं, घरात लग्न निघालं की काय. बाकीच्यांचे गहू भिजायच्या आधी वहिनींचे डबे भरून वर चिकटपट्ट्यासुद्धा लागल्या. एका संध्याकाळी भाऊ अंगणात गाडी पुसत होते, मी कुंपणाशी उभी होते. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"गाडी कधी काढताय कच्छला?"

भाऊंचा हात थांबला. "पण वाळवण?"

"झालं सगळं."

"मग तिथं काय करणार तू?"

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बसू की."