गोड बोलून नाही

ओर्सोला स्कोन्यामिल्योच्या आईचा नेपल्सच्या बाजारात मासळीचा गाळा होता. ज्या गिऱ्हाइकाला मासे विकायचे नसत, त्याच्याशी ही बाई अशी साखरेत घोळून बोलायची की ते पिशवी रिकामीच घेऊन खुशीत घरी जायचं. पोरगी लॅटिन शिकली खरी, पण आयुष्य घातलं ते असल्याच गोडव्याचा तळ शोधण्यात.

माणसं एकमेकांचा मान राखत कशी मागतात, कशी नाकारतात, याचं आता एक शास्त्र झालंय. ते घेऊन ओर्सोला दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन कवीच्या कवितांना भिडली. आश्रयदात्याशी बोलताना कवी किती आडवळणं घेतो, हे तिनं ओळीओळीला मोजलं. 'धनी, तुमच्या पराक्रमापुढं माझी बासरी थिटी' असं कवी म्हणतो, तेव्हा तो लाळ घोटत नसतो. तुमच्यावर काव्य लिहिणार नाही, असं तो तोंडावर सांगत असतो, असं तिचं म्हणणं.

पंचाईत अशी, की हा कवी लाळघोट्या होता असं ठणकावून सांगणारं पुस्तक चाळीस वर्षांपूर्वी प्रोफेसर एव्हारिस्तो काफिएरोनं लिहिलं होतं, आणि विद्यापीठातल्या संशोधनाच्या एकुलत्या एका जागेसाठी मुलाखत घेणाऱ्या समितीचा अध्यक्षही तोच म्हातारा होता. ओर्सोला सेहेचाळीसची. एकोणीस वर्षं बदली शिक्षिका म्हणून या शाळेतून त्या शाळेत फिरलेली. ही जागा गेली की तिला पुन्हा कोण विचारणार होतं? काम ट्रंकेत जाणार आणि तिथंच कुजणार.

मुलाखत चारचौघांसमोर होती, मागं विद्यार्थी बसले होते. काफिएरोनं सुरुवातच कौतुकानं केली. मौलिक काम, दुर्मिळ चिकाटी, विभागाला अभिमान. विद्यार्थी हसऱ्या चेहऱ्यानं माना डोलवत होते. ओर्सोला मात्र एकेक शब्द मोजत होती. आयुष्यभर हेच तर मोजलं होतं मेलीनं, ते आता कानांना थांबवता येईना. स्तुतीवर स्तुती चढत होती, आणि एवढा गोडवा कशापायी असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी म्हातारा म्हणाला, "सिन्योरा, तुमचं काम एवढं मोठं आहे, की आमच्या या लहानशा विभागात त्याला कोंबणं म्हणजे तुमच्यावरच अन्याय."

ओर्सोलानं सरळच विचारलं.

"प्रोफेसर, तुम्ही मला नाही म्हणताय का?"

त्या इमारतीत असं कुणी कुणाला विचारत नसे. काफिएरोनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो," तो म्हणाला.

टिपण घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, नकाराचं कारण काय लिहू? म्हाताऱ्यानं वय सांगितलं. वयाची अट नियमात नाही, असं समितीतल्या प्रोफेसर लुब्रानोबाई म्हणाल्या. मग त्यानं शाळेतल्या नोकरीवर बोट ठेवलं. तेही नियमात बसेना. तेव्हा तो थेट ओर्सोलाच्या प्रबंधावर घसरला. हे कसलं शास्त्र, कवितेला वजनकाट्यावर घालायचं? आवाज चढला, कान लाल झाले. तीही हटली नाही. तीच बासरीची कविता काढून तिनं त्याच्यापुढं सरकवली.

"इथं सात वेळा माफी मागितलीय. लाळघोट्या सांगितलेलं काम करून मोकळा होतो, प्रोफेसर, माफी मागत बसत नाही. धन्याला हवं ते काव्य यानं दिलं का?"

म्हातारा कवितेवर वाकला. किती तरी वेळ वाचत राहिला. ओर्सोलाला वाटलं, संपलं, आता हा उठून जाणार.

"नाही," तो हळूच म्हणाला. "नाही दिलं."

कारकुनानं पुन्हा घसा खाकरला. कारण?

"लिहा, अध्यक्षांचं पुस्तक चुकलंय."

"एव्हारिस्तो," लुब्रानोबाई म्हणाल्या, "हे नकाराचं कारण होत नाही."

"कळतं मला." त्यानं चष्मा चढवला आणि ओर्सोलाकडं मान वळवली. "सोमवारी नऊला कामावर ये. तिसरं प्रकरण भिकार लिहिलंयस, ते आधी सुधार."

विद्यार्थी दचकून एकमेकांकडं बघायला लागले. या शिक्षिकेचा केवढा हा अपमान! ओर्सोलाला मात्र रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलं नाही.