डोमाची गाडी अन् न पडनारा रिव्हर्स

डोमा मेश्रामचा मले राग आहे. कालपरवाचा नाही, सहा वर्षांचा. आमच्या चिखला गावात कोनालेबी इचारा, लिलाधर मिस्त्रीच्या गॅरेजात डोमाचं नाव काढू नका, असंच सांगन.

दुसरे ड्रायव्हर कसे, गाडी लावली, चाबी देल्ली, टपरीवर चहा पेत बसले. हा तसा नाही. जिथं माहा पाना, तिथं याचं नाक. "लिलाधर, तो बोल्ट राहिला." "लिलाधर, वायसर टाकलं का?" अरे, मिस्त्री मी का तू? एकदा तं चार गिऱ्हाइकांसमोर खाली बसला अन् मी कसलेला चाकाचा नट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. नट ढिलाच होता. खोटा पडला असता तं मी हासून सोडून देल्लं असतं. खरं निघालं, म्हनूनच डोक्यात गेला.

मानूस कसा, तेबी सांगतो. ट्रकवर क्लिनर होता, तिथूनच गाडी शिकला. एकोनीस वर्षं श्यामलाल सेठची गाडी चालवली. खदानीतल्या लोकायले घरून पाळीवर न्यायचं, पाळी सुटली का घरी सोडायचं, बस. गाडीले एक खरोच नाही. कोनी दरवाजा आपटला तं हा त्याले पुन्हा खाली उतरवे अन् हळू लावाले सांगे. मँगनीजची काळी धूळ रोज सोताच्या दुपट्ट्यानं सीटवरून पुसे. बायको वच्छला म्हने, "माह्यापेक्षा त्या गाडीलेच जास्त जपते." पोरगी मनाली भंडाऱ्यात नर्सिंग करते, पन याच्या मोबाइलवर फोटो कोनाचा? गाडीचा. लय घमेंड. अन् दुसरं येत काय होतं त्याले? गाडी चालवनं, एवढंच.

दिवाळीच्या अगोदरची गोष्ट. दुपारच्या पाळीच्या टायमाले खदानीच्या गेटसमोर डोमानं गाडी वळवाले घेतली, अन् रिव्हर्स पडेच ना. करकर आवाज करे, अर्धवट पडे अन् निसटे. गाडी रस्त्यात आडवी, मांगून ट्रकवाले भोंगे मारून राहिले. शेवटी पाळीचेच लोक उतरले अन् त्यायनं गाडी ढकलली. कामावर जाले अर्धा घंटा उशीर झाला. सेठले फोन गेला.

सेठ सोता गाडी घेऊन माह्याकडे आला. मांगं डोमा, तोंड पडलेलं.

"लिलाधर, नीट देख," सेठ म्हनला. "इसने गिअरबॉक्स खाया होगा तो आजपासून हा गाडीवर नाही. माहा भाचा वीरेंद्र घरी बसून राहिला, तो चालवन." अन् डोमाले म्हने, "तू बाहेर थांब."

मले किती बरं वाटलं, काय सांगू! पयल्यांदा डोमा माह्या डोक्यावर उभा नव्हता.

इंजन बंद करून गिअर टाकून पाह्यले. बंद गाडीत गिअर सरसर पडले अन् चालू गाडीत अडले, तं क्लचवर शक जाते. इथं बंद गाडीतबी रिव्हर्स अडे. म्हंजे क्लच नाही. मंग खाली घुसलो. गिअरबॉक्सवरून दोन्ही केबलची टोकं काढली अन् तिथला दांडा हातानं हालवला. पयला, दुसरा, पार रिव्हर्सपर्यंत सारे खटखट पडले. गिअरबॉक्सले काही म्हनता काही झालं नव्हतं. केबल ओढून पाह्यल्या, मोकळ्या. मंग राह्यलं काय? सेटिंग.

अन् सेटिंग कोनी केली होती? मी. तीन आठवड्यांमांगं, गाडीत नव्या केबल टाकल्या तवा. ड्रायव्हरजवळचा गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून पिन घालून अटकवा लागते, म्हंजे तो हालत नाही, अन् मंगच केबल घट्ट करा लागते. त्या दिवशी पिन सापडत नव्हती, मी अंदाजानंच कसली. दोन सूत, म्हंजे पाव इंचाचा फरक राहिला; सुरुवातीले चालून गेलं, मंग नवी केबल जराशी ताणली अन् रिव्हर्स अडला. डोमानं इचारलंबी होतं, "पिन न लावता काहून कसून राहिला?" मी म्हटलं होतं, "तू ड्रायव्हर आहे, ड्रायव्हरच राय."

बाहेर निघालो. सेठ म्हने, "बोल. डोमाचाच हात ना?"

डोमा दरवाज्यातून पाहून राहिला होता. 'सेटिंग माही चुकली', एवढंच बोलाचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पन डोमासमोर? पुन्हा एकदा? मी म्हटलं, "हात जड आहे त्याचा, गिअरवर जोर पडते."

खोटं बोललो. साफ खोटं.

डोमा भांडला नाही. "एकोनीस वर्षांत असं नाही झालं, सेठ," एवढंच म्हनला. सेठनं त्याच्याजवळची दुसरी चाबी मांगितली, त्यानं देऊन टाकली.

तो गेल्यावर मी पिनीच्या जागी मापाचा ड्रिल बिट घालून केबल काटेकोर कसली. तेव्हापासून रिव्हर्स लोन्यावानी पडते. अन् तिथंच घात झाला. वीरेंद्र चालवते, गाडी कुरकुरत नाही. सेठ साऱ्या चिखल्यात सांगत फिरते, "डोमा गेला, गिअर सुधरला." जे डोमाच्या बाजूनं बोलत होते, तेबी चूप झाले. काय बोलतीन ते? गाडीच साक्ष देऊन राहिली. इतकं साफ काम मी दुसरं केलं नसन, अन् त्याच कामानं डोमाले खोटा पाडलं.

मांगच्या बुधवारी डोमा गॅरेजात आला. भांडाले आला समजून मी पानाच हातात घेतला. भांडला असता तं बरं झालं असतं! तो समोर उभा राहिला अन् डावा हात, गिअरचा हात, पुढं केला.

"लिलाधर, आपलं पटत नाही, पन काम तुले समजते. खरं सांग, कवापासून जड झाला असन हा? मले तं समजलंच नाही. गाडीत नऊ लोक राहत माह्या भरवशावर. काही झालं असतं तं?"

तुमसरच्या एका डॉक्टरबाईनं त्याले गाडीवर बोलावलं होतं. यानं नाही म्हटलं. सोतावर भरोसा नाही म्हने.

मले असा संताप आला! त्याचा का माहा, देव जाने. वरडलो, "मले काय इचारून राहिला? गिऱ्हाइक आहे दुकानात, जा!"

दुकानात कोनीच नव्हतं. डोमानं इकडंतिकडं पाह्यलं. "बरं," म्हनला, अन् पायीच घराकडे निघाला.