वासिलीनाचं लग्न

धर्मपीठाचं पत्र आलं तेव्हा वासिलीना कुरिलूक बटाट्यांना माती लावत होती. पत्रात लिहिलं होतं, की एडमंटनपासून दूरच्या लुका वस्तीत आता माणसंच उरली नाहीत. सप्टेंबरात शेवटची प्रार्थना करू आणि तिथलं चर्च जाळून टाकू; देवाच्या घरात उद्या कुणी गहू भरायला नको.

वासिलीना एकाहत्तर वर्षांची. तिच्या बापानं त्या चर्चचे ओंडके बैलांकरवी ओढून आणलेले, आईनं चिखल-गवत तुडवून भिंती लिंपलेल्या. नवरा गेल्यापासून तिथली झाडलोट तीच करायची.

तिनं हात पुसले, गाडी काढली आणि थेट ओनुफ्री दानिलूकच्या शेतावर गेली. हा विधुर नऊ वर्षं दर ईस्टरला तिला मागणी घालायचा आणि नकार घेऊन परतायचा.

"अजून विचारायचंय का तुला?" तिनं दारातूनच विचारलं.

"काय?"

"लग्नाचं रे, खुळ्या!"

ओनुफ्री उठून दाराशी आला. "हो म्हणतेस?"

"म्हणते. पण लग्न आपल्याच चर्चमध्ये, ऑक्टोबरात. त्याआधी कुणी काडी लावली, तर लग्न मोडलं."

"तुला मी हवाय की चर्च?"

"दोन्ही. एकटीनं भांडून दमले मी."

आठवड्यानं शहरातून पाद्री आले. "वासिलीनाबाई, लग्न आमच्याकडे करू. तिथं हीटर आहे."

"फादर, उणे तीस अंशांच्या थंडीत माझा बाप्तिस्मा झाला इथं. मेले का मी?"

"वरून हुकूम आहे हो."

"मग वर कळवा, नवरी आत बसलीय. जाळायचं तर तिच्यासकट जाळा."

पाद्र्यांनी खिशातली डायरी काढली. मग म्हणाले, "ऑक्टोबरात कुठला शनिवार?"

त्या शनिवारी आम्ही शेजाऱ्यांनी आलेली माणसं मोजायचं सोडून दिलं. एडमंटन, विनिपेग, कुठून कुठून वस्ती सोडून गेलेल्यांची लेकरं-नातवंडं आली. कापलेल्या शेतात गाड्याच गाड्या. आत मावेनात म्हणून निम्मी माणसं खिडक्यांशी उभी राहून गायली. ऐन लग्नाच्या प्रार्थनेवेळी छतातून पाणी गळून ओनुफ्रीच्या टकलावर पडलं. वासिलीना हसली नाही. जेवणाच्या वेळी, कोबीचे रोल वाढता वाढता, तिनं पुरुषांना विचारलं, "बघितलंत ना? छताला पत्रे कोण आणतंय?"

पुढच्या उन्हाळ्यात नवं छत चढलं. धर्मपीठानं आधीचं पत्र मागं घेतलं नाही. पण दुसरं कधी पाठवलंही नाही.