उजवा, मग डावा

हमरापूरला आमच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे मी काढते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मोठ्या जावेने माझ्या हातात बारीक कुंचला दिला, तो आजवर माझ्याकडेच आहे. आमच्याकडची रीत अशी की उजवा डोळा झाला की लगेच डावा, मगच पुढची मूर्ती. मध्ये उठायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

बाकीची जड कामं मला झेपत नाहीत. सिकलसेल आहे, रक्ताचं दुखणं. आई आणि बाबा दोघांकडून आलेलं, कुणी न मागितलेलं. हातपाय ठणकतात, जिना चढले की धाप लागते. त्याची सवय झाली. पण हल्ली डोकंही मंदावलंय, आणि त्याचा मला भयंकर वैताग येतो. आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, बोलता बोलता शब्द हरवतो.

रोह्याला माहेरी गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दिवसभराचा कचरा मेंदू झोपेत धुऊन काढतो, या आजारात ते धुणं बहुधा अर्धवट राहतं.

"म्हणजे डोक्याची मोरी तुंबलीय," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, गोळ्या चुकवू नका, नीट झोपा. रात्रभर मांड्या ठणकणाऱ्या बाईला हे सांगायला काय जातं! येताना रेल्वेने हमरापूरला उतरायचं सोडून पुढच्या स्टेशनावर, जित्याला उतरले. घरी सांगितलं, डुलकी लागली. लागली नव्हती.

यंदा मूर्ती गाडीत भरायच्या आदल्या दिवशी जावेने मला बोलावलं. फळीवरच्या सगळ्या मूर्तींना उजवा डोळा होता, डावा एकीलाही नव्हता.

"सगल्यांना एकेकच डोला हाय गो. मधी उठलीस काय?"

"नाय, वहिनी."

खरंच उठले नव्हते. कुंचला गेला तर या घरात मी नुसती आजारी बाई उरेन. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पाट ओढून शेजारी बसली.

"मी सांगते, तू काढ. हां, आता डावा."

"मी काय लहान पोर हाय?"

"नाय गो. पन उद्या गाडी हाय ना."

संताप आला, रडूही आलं, आणि मी डावा काढला. अशीच ओळ पुरी झाली. मग कोऱ्या मूर्ती समोर आल्या, तेव्हाही ती सांगतच राहिली.

थोड्या वेळाने ती चहा टाकायला आत गेली. मी पुढच्या मूर्तीचा उजवा काढला. आता डावा, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी कुंचला हातात धरून मी दाराकडे बघत बसले, ती येऊन सांगेपर्यंत.